यॉर्कशायरमधल्या स्थानिक रग्बी लीग संघांवर साप्ताहिक टीव्ही कार्यक्रम: तीन कॅमेऱ्यांत कसा बसवायचा?

मुक्ता_हडर्सफील्ड

नमस्कार मंडळी,

इथे क्रीडा प्रक्षेपणात काम केलेले बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर विचारते. वेस्ट यॉर्कशायरमधल्या एका लहान वाहिनीसाठी रग्बी लीगचा अर्ध्या तासाचा साप्ताहिक कार्यक्रम उभा करायचा आहे. सुपर लीगचा (इथली सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा) नव्हे, हौशी क्लबांचा: नॅशनल कॉन्फरन्स लीग आणि तिच्या खालच्या स्पर्धा. सामने शनिवारी दुपारी अडीचला, प्रक्षेपण मंगळवारी संध्याकाळी सातला. जाहिराती वगळून हातात साडेतेवीस मिनिटं.

साधनं अशी: १०८०पी, ५० फ्रेमचे तीन कॅमेरे (२० पट झूम फक्त एकाला), दोन गन माइक, एक वायरलेस लेपल संच (कपड्याला लावायचा छोटा माइक), एक एडिटर. माणसं एकूण पाच. त्यामुळे आठवड्याला एकच सामना नीट चित्रित होतो, बाकीच्यांचे फक्त निकाल.

चाचणी भाग क्लबच्या लोकांना दाखवला. तक्रारी या आल्या: सगळे ट्राय दिसले, पण सामना का फिरला ते कळलं नाही. वाइड शॉटमध्ये नुसती गर्दी दिसते. फ्लडलाइटखालच्या सरावाच्या दृश्यांत पट्टे सरकतात. आवाजात वारा आणि प्रशिक्षकाच्या शिव्या. दुसऱ्या हाफमध्ये चिखलाने पाठीवरचे नंबर दिसेनासे होतात. शिवाय मध्यंतरात ड्रेसिंग रूममध्ये कॅमेरा न्यायची दोन क्लबांची तयारी आहे. तिथे काय काळजी घ्यायची?

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक बाजूला १३ खेळाडू, ४०-४० मिनिटांचे दोन हाफ. समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे चेंडू टेकवला की ट्राय. चेंडू घेतलेल्याला पकडून थांबवलं की टॅकल. चेंडू हातात असलेल्या संघाला सहा टॅकल मिळतात, त्यानंतर चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो. २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीला जी रग्बी प्रीमियर लीग झाली ती सेव्हन्सची, म्हणजे रग्बी युनियनची. हा वेगळा खेळ आहे.

---

सहावी_टॅकल

मुक्ताताई, पहिली तक्रार आधी सोडवा, बाकीच्या साधनांच्या आहेत.

रग्बी लीगचा सामना सेटमध्ये मोजायचा असतो. सहा टॅकलचा एक सेट साधारण पाऊण मिनिटाचा. दोन्ही संघांचे मिळून सामन्यात ७० ते ८० सेट होतात आणि त्यातून ट्राय होतात सात-आठ. तुम्ही नुसते ट्राय जोडले तर नव्वद टक्के सामना गेला, आणि कारणं नेमकी त्या नव्वद टक्क्यांत असतात. ६२व्या मिनिटाला ट्राय होतो तो बहुतेकदा ५७व्या मिनिटापासून शिजत असतो. एखाद्या संघाने दुसऱ्याच टॅकलला चेंडू हातातून पुढे सोडला (नॉक-ऑन), म्हणून त्याला स्वतःच्या गोललाइनवर लागोपाठ दोन सेट अडवावे लागले. मधले दोन फॉरवर्ड दमले, दर टॅकलनंतर दहा मीटर मागे जाऊन पुन्हा पुढे यायला त्यांना अर्धा सेकंद उशीर व्हायला लागला, आणि डमी हाफ (टॅकलनंतर मागे सारलेला चेंडू उचलणारा खेळाडू) त्याच फटीतून निसटला. शेवटची धाव दाखवून हे कळणार नाही.

म्हणून लॉगिंग सेटवार करा. मुख्य कॅमेऱ्याशेजारी एक माणूस फक्त कागद-पेन घेऊन उभा राहू दे. कॅमेऱ्याची आणि त्याच्या घड्याळाची वेळ सकाळीच जुळवून घ्या. रकाने: वेळ, संघ, सेट कुठून सुरू (स्वतःची १०, २०, ३० मीटरची रेघ), कितव्या टॅकलला संपला, कसा संपला (किक, नॉक-ऑन, पेनल्टी, हँडओव्हर म्हणजे सहा टॅकल संपून चेंडू देणं, ट्राय), आणि महत्त्वाच्या सेटपुढे एक ते तीन तारे. पाचव्या टॅकलला रेफरी पंजा उघडून हात सरळ वर धरतो, सेट नव्याने मिळाला तर डोक्यावर हात हलवतो. लॉगवाल्याने चेंडूपेक्षा त्या हातावर नजर ठेवायची. असा कागद असेल तर रविवारी सकाळी एडिटर वीस मिनिटांत कच्ची निवड करतो. नसेल तर ८० मिनिटं परत बघायची, तीही तीन कॅमेऱ्यांची.

सामन्याला नऊ मिनिटं द्या. त्यात बारा सेट बसवायचे. दोन सेट पूर्ण, एकही कट न मारता. एक शक्यतो पहिल्या दहा मिनिटांतला, म्हणजे दोन्ही संघ ताजे असताना बचावाची लाइन किती वेगाने वर येते ते दिसतं. दुसरा तासाभरानंतरचा, लाइन मंदावल्यावरचा. हे दोन शेजारी ठेवले की नवख्यालाही फरक दिसतो, निवेदनाची गरज पडत नाही. उरलेले दहा सेट चौथ्या टॅकलपासून उचला, प्रत्येकी २५ सेकंदांच्या आसपास. ट्रायचा शॉट शेवटच्या पासवर कधीच सुरू करू नका. आधीचा प्ले-द-बॉल दिसलाच पाहिजे: पकडलेला खेळाडू उठतो, चेंडू ठेवतो, टाचेने मागे सारतो. हे झटकन झालं की रेंगाळलं, यावर पुढचं सगळं ठरतं. रिप्ले सहा सेकंद, कन्व्हर्जन (ट्रायनंतरची गोल किक) चार. ५० फ्रेमचं फुटेज निम्म्या वेगाने दाखवलं तरी सेकंदाला २५ फ्रेम उरतात, चित्र अडखळत नाही. त्याहून संथ करू नका.

स्कोअरच्या पट्टीत टॅकलचा आकडा जरूर टाका. १ ते ६, बस.

---

काठावरचा_कॅमेरा

गर्दी दिसते कारण कॅमेरा जमिनीवर आहे. बचाव करणारी लाइन प्ले-द-बॉलपासून दहा मीटर मागे उभी असते आणि खेळाची सगळी गंमत त्या दहा मीटरच्या पट्ट्यात असते. डोळ्याच्या उंचीवरून बघितलं तर दोन्ही लाइन एकमेकींवर चिकटतात. मुख्य कॅमेऱ्याची लेन्स मैदानापासून चार ते पाच मीटर वर हवी, मधल्या रेघेवर, टचलाइनपासून आठ-दहा मीटर मागे. क्लबहाउसची गच्ची किंवा पॅव्हेलियनचा वरचा मजला मिळाला तर उत्तम. अॅल्युमिनियमचा टॉवर लावणार असाल तर आउटरिगर (बाजूचे आधाराचे पाय) पूर्ण उघडून, खाली वजन बांधून, आणि ज्याला तो उभारायचं प्रशिक्षण आहे त्याच्याच हातून. पेनाईन डोंगरांच्या बाजूची मैदानं उघड्यावर असतात, वारा एकदम चढतो. टॉवर हलला की २० पट झूमवर चित्र थरथरतं आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. वाऱ्यात झूम कमी ठेवा, ट्रायपॉडचे पाय आखूड करा, मधला कॉलम अजिबात वर काढू नका.

बाजू कोणती? मैदान उत्तर-दक्षिण असेल तर पश्चिमेची. अडीच ते सव्वाचार या वेळात सूर्य पश्चिमेकडे सरकत असतो, तो पाठीमागे राहतो. पूर्वेला उभे राहिलात तर दुसऱ्या हाफमध्ये सगळे खेळाडू काळ्या सावल्या होतात. मैदान पूर्व-पश्चिम असेल तर दक्षिणेची बाजू.

फ्रेममध्ये २५ ते ३० मीटर मैदान ठेवा: मधे प्ले-द-बॉल, पुढे दहा मीटरवरची लाइन, मागे हल्ला करणाऱ्यांची खोली. चेंडू ज्या दिशेने जाणार तिकडे मोकळी जागा जास्त. उंच किक झाली की चेंडूमागे वर जायचा मोह आवरा, नाहीतर आभाळ तेवढं मिळेल. किकच्या क्षणी झूम मागे घ्या आणि चेंडू जिथे उतरणार तिथले खेळाडू पकडा. चेंडू त्यांच्यात आपोआप पडतो.

दुसरा कॅमेरा मुख्य कॅमेऱ्याच्याच बाजूला, जमिनीवर, हल्ल्याच्या टोकाकडे २० मीटरच्या रेघेजवळ. याचं काम चेहरे, प्ले-द-बॉल, रेफरीचा हात. समोरच्या टचलाइनवर ठेवू नका, कट मारल्यावर संघ उलट्या दिशेला धावताना दिसतील. तिसरा पोस्टच्या मागे, इन-गोलच्या (गोललाइनमागच्या ट्रायच्या जागेच्या) बाहेर, माणूस नसला तरी चालेल असा वाइड बांधून. कन्व्हर्जन आणि लाइनवरचे ट्राय त्यातच कळतात. मध्यंतरात तो उचलून दुसऱ्या टोकाला नेऊ नका, रीस्टार्ट चुकतो. तुम्हाला ज्या संघाची गोष्ट मांडायची आहे तो दुसऱ्या हाफमध्ये जिकडे हल्ला करणार, तिथेच आधीपासून ठेवा.

उतारावरच्या मैदानावर ट्रायपॉडची पातळी गवताच्या रेघेवरून लावू नका, पोस्टच्या उभ्या खांबांवरून लावा. बॅटलीचं माउंट प्लेझंट उतारासाठी प्रसिद्धच आहे. तिथे गवत आडवं केलंत तर पोस्ट कललेले दिसतात.

पट्ट्यांचं कारण: तिथली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुने दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. कॅमेरा २५ किंवा ५० फ्रेमला आणि शटर १/५० किंवा १/१०० ला ठेवलं तर पट्टे येत नाहीत. तुमच्या सरावाच्या दृश्यांत बहुधा कुणाच्या तरी फोनचं ३० किंवा ६० फ्रेमचं फुटेज मिसळलं आहे. फोन वापरायचाच असेल तर ५० फ्रेम आणि ठरावीक शटर देणारं अॅप घ्या. एलईडी दिवे असतील तर हे गणित चालेलच असं नाही, कारण काही ड्रायव्हर (दिव्याला वीज देणारी सर्किट) वेगळ्याच गतीने दिवा चालू-बंद करतात. सराव सुरू व्हायच्या आधी एक मिनिट रेकॉर्ड करून मोठ्या पडद्यावर बघा, गरज पडल्यास शटर थोडंथोडं सरकवा. दिवसा उन्हात १/२५० चांगलं, चेंडू स्वच्छ दिसतो.

कार्डांचा हिशोब: ५० मेगाबिटला तासाला साडेबावीस जीबी. वॉर्म-अप धरून दोन तास, तीन कॅमेरे, म्हणजे १३५ जीबी. दोन प्रती मैदानावरच घ्या. एक प्रत एडिटरच्या गाडीत, दुसरी दुसऱ्या माणसाकडे.

---

मुक्ता_हडर्सफील्ड

खूप आभार दोघांचे. पट्ट्यांचं कारण तेच निघालं, सरावाचे तीन शॉट फोनचे होते.

दोन उपप्रश्न. एका मैदानावर गच्ची नाही आणि क्लब टॉवर लावू देत नाही. पूर्वेला गवताचा उंचवटा आहे, साधारण अडीच मीटर. तो घ्यावा का? आणि टॅकलचा आकडा पट्टीत टाकायचा तर तो दाबणारा माणूस कुठून आणू?

---

काठावरचा_कॅमेरा

उंचवटा घ्या. ऊन समोरून येईल, पण उंची त्याहून महत्त्वाची. लेन्सला हूड लावा, एक्सपोजर ऑटोवर सोडू नका, चेहऱ्यांवर लॉक करा, आभाळ पांढरं पडलं तर पडू द्या. ट्रायपॉड पूर्ण उंच करून मागे घट्ट पेटीवर उभे राहिलात तर लेन्स चार मीटरच्या जवळ जाते. मग तिन्ही कॅमेरे पूर्वेलाच किंवा पोस्टमागे. पश्चिमेला एकही नाही.

---

आवाजवाले_नाना

माइकबद्दल लिहितो, आणि टॅकलच्या आकड्याबद्दलही, कारण सहावी_टॅकल यांच्याशी इथे माझं जमत नाही. चुकीचा आकडा पडद्यावर असण्यापेक्षा आकडा नसलेला बरा. सेट नव्याने मिळतो, शून्य टॅकल (जी मोजणीत धरत नाहीत) दिली जाते, पेनल्टीनंतर मोजणी परत सुरू होते. पाच माणसांच्या चमूत हे सांभाळायला कुणी मोकळा नसतो. त्याऐवजी रेफरीचा आवाज घ्या. तो मोजत असतो, ओरडून सांगत असतो: टॅकल झाली, सोड, मागे जा. लेपल संच एकच आहे ना? तो प्रशिक्षकाला न लावता रेफरीला लावायची परवानगी मागा. परवानगी क्लबकडून मिळून उपयोग नाही; रेफरीची आणि स्पर्धेच्या आयोजकांचीही लागते, तीही आठवडाभर आधी. ट्रान्समीटर कमरेच्या मागे ठेवू नका, टॅकलमध्ये अडकलेला खेळाडू हात टेकतो तिथेच. पाठीच्या वरच्या भागात, दोन खांद्यांच्या मधे, लवचिक पट्ट्याच्या खिशात ठेवा.

फ्रिक्वेन्सी: ब्रिटनमध्ये चॅनल ७० म्हणजे ८६३ ते ८६५ मेगाहर्ट्झ परवान्याशिवाय चालतं, पण तिथे गर्दी असते. चॅनल ३८, ६०६ ते ६१४, याला ऑफकॉमचा (ब्रिटनची प्रक्षेपण नियामक संस्था) परवाना घ्यावा लागतो. खुल्या मैदानावर ७० मीटरच्या पुढे सिग्नल तुटायला लागतो, म्हणून रिसीव्हर मधल्या रेघेवर, अँटेना डोक्यांच्या वर. भारतातून आणलेला संच तिथे तसाच वापरू नका, त्याची बँड आधी तपासा.

वाऱ्यासाठी नुसता फोम पुरत नाही. गन माइकला पिंजरा आणि त्यावर केसाळ कव्हर, शिवाय रेकॉर्डरवर ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा घुमणारा आवाज कापणारा फिल्टर). पहिला गन माइक मुख्य कॅमेऱ्याच्या बाजूच्या टचलाइनवर, मधल्या रेघेजवळ, किंचित खाली झुकवून मैदानाकडे. दुसरा वीस मीटरवर, जिकडे प्रेक्षक कमी तिकडे. डगआउटपासून दोन्ही किमान १५ मीटर लांब. शिव्या तिथूनच येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: सगळे माइक वेगवेगळ्या ट्रॅकवर. मैदानावरच मिसळून टाकलंत तर एक शिवी काढायला पाच सेकंदांचा सगळा आवाज जातो.

तुमचं प्रक्षेपण सातला आहे, म्हणजे रात्री नऊच्या आधी. ऑफकॉमच्या संहितेनुसार सगळ्यात आक्षेपार्ह शब्द नऊच्या आधी जाऊच शकत नाहीत, आणि शब्द अर्धवट ऐकू येईल अशी बीप पुरेशी नसते. शब्दाची सुरुवात आणि शेवट दोन्ही झाकले पाहिजेत. ओठ स्पष्ट वाचता येत असतील तर त्या जागी कटअवे (मधे टाकायचा दुसरा शॉट) टाका. यासाठी प्रत्येक सामन्यात दहा-पंधरा कटअवे मुद्दाम घ्या: टचजजचा (रेघेवरच्या पंचाचा) झेंडा, रेलिंगवरचे हात, बाकावर बसलेले बदली खेळाडू, किकरच्या बुटाजवळचा टी (चेंडू टेकवायचा स्टँड).

ड्रेसिंग रूम. इथे लोक घाई करतात आणि क्लब पुढच्या वेळी दार बंद करतो. आत फक्त एक माणूस, हातात कॅमेरा, दिवा नाही. संघ आत येण्याआधी तो आत एका कोपऱ्यात उभा असावा, दारातून मागाहून शिरू नये. रेफरीची परवानगी मिळाली नाही आणि लेपल मोकळा असेल, तर तो प्रशिक्षकाच्या जॅकेटला मध्यंतराच्या दहा मिनिटं आधी लावलेला हवा. प्रशिक्षक आणि कर्णधार, दोघांपैकी कुणीही 'बंद' म्हटलं की कॅमेरा जमिनीकडे, प्रश्न न विचारता. उपचाराचं टेबल, आंघोळीची जागा, कपडे बदलणारे खेळाडू फ्रेमबाहेर. फळ्यावरच्या चाली दिसत असतील तर धूसर करा. पुढच्या शनिवारी प्रतिस्पर्धीही तोच भाग बघून आलेला असतो. मोठ्यांच्या संघातही १८ खालचा एखादा खेळाडू असू शकतो, म्हणून टीमशीट घेतानाच विचारा. असेल तर त्या दिवशी आत जायचंच नाही.

दहा मिनिटांच्या बोलण्यातून दोन-अडीच मिनिटं निवडताना आरडाओरडा निवडू नका. 'दुसऱ्या टॅकलला त्यांचा मार्कर सरळ उभा राहत नाही, तिथून धावा' (मार्कर म्हणजे प्ले-द-बॉलसमोर उभा राहणारा बचावपटू) असं एखादं वाक्य सापडलं तर ते ठेवा आणि दुसऱ्या हाफमधला तोच प्रसंग त्याला जोडा. ड्रेसिंग रूम दाखवायची ती एवढ्यासाठीच.

शेवटचं मिश्रण उणे २३ एलयूएफएसला (आवाजाच्या पातळीचं प्रक्षेपणातलं माप), शिखर उणे ३ च्या खाली. निवेदन मैदानाच्या आवाजापेक्षा स्पष्ट वर, पण टॅकलच्या धडकेच्या क्षणी निवेदकाने गप्प बसावं.

---

सहावी_टॅकल

नाना, शून्य टॅकलचा मुद्दा मान्य. पण हा कार्यक्रम थेट नाही, शनिवारचा सामना मंगळवारी जातो. आकडा एडिटरने लॉगवरून टाकायचा, आणि तोही फक्त पूर्ण दाखवलेल्या दोन सेटमध्ये. बारा आकडे टाकायला पाच मिनिटं लागतात. शंका आली तर रेफरीचा ट्रॅक ऐकायचा. तो रेकॉर्ड करायचा तुमचा सल्ला इथे कामी येतो.

---

उत्तरेकडचा_प्रेक्षक

मी मजकुराच्या बाजूने लिहितो.

या खेळाचं आणि प्रादेशिक टीव्हीचं नातं जुनं आहे. १८९५ साली हडर्सफील्डच्याच जॉर्ज हॉटेलात उत्तरेतले क्लब रग्बी युनियनपासून वेगळे झाले, आणि खेळ बराचसा यॉर्कशायर, लँकेशायर, कंब्रिया एवढ्या पट्ट्यात राहिला. १९६५ मध्ये बीबीसी टूने मंगळवारी संध्याकाळी दिव्यांखाली खेळायची फ्लडलिट ट्रॉफी सुरू केली आणि सामन्याचा दुसरा हाफ थेट दाखवायला लागले. मर्यादित टॅकलचा नियम पहिल्यांदा आजमावला गेला तो १९६६ मध्ये, याच स्पर्धेत. तेव्हा चार टॅकल होत्या, १९७२ पासून सहा. पुढे १९९९ मध्ये बीबीसीने उत्तर इंग्लंडसाठी सुपर लीग शो सुरू केला, आधी हॅरी ग्रेशन आणि नंतर टान्या अर्नोल्ड. आठवड्याचे सगळे सामने एका कार्यक्रमात हा साचा लोकांच्या डोळ्यांत बसला आहे. तुमच्याकडे सगळे सामने नाहीत, त्यामुळे त्या साच्याची नक्कल केलीत तर कार्यक्रम रिकामा वाटेल.

तुमच्याकडे काय आहे? गावं. फेदरस्टोनसारख्या जेमतेम पंधरा-सोळा हजार वस्तीच्या गावाने १९६७, १९७३ आणि १९८३ मध्ये चॅलेंज कप (या खेळाची मुख्य बाद पद्धतीची स्पर्धा) जिंकला. अशा ठिकाणी प्रेक्षकाला खेळाडूचं घर माहीत असतं. म्हणून साडेतेवीस मिनिटांची वाटणी मी अशी करेन: सामना नऊ, ड्रेसिंग रूम अडीच, क्लबवरचा एक विषय चार, बाकी निकाल आणि तक्ता अडीच, महिला किंवा ज्युनिअर संघ तीन, एक नियम पाऊण मिनिट, पुढचे सामने एक, उरलेलं शीर्षक आणि जोड. नियमाचा तुकडा सोडू नका. ड्यूसबरी-बॅटलीकडे गुजराती मूळ असलेली मोठी वस्ती आहे, ब्रॅडफर्डला पाकिस्तानी मूळ असलेली. इक्रम बट १९९५ मध्ये इंग्लंडकडून रग्बी लीग खेळला, तो लीड्सचा. या घरांतल्या ज्यांनी खेळ कधी बघितला नाही त्यांना '४०/२० किक म्हणजे काय' हे चाळीस सेकंदांत दाखवता येतं: स्वतःच्या ४० मीटर रेघेच्या आतून किक, चेंडू मैदानात टप्पा खाऊन समोरच्यांच्या २० मीटरच्या आत बाहेर गेला, चेंडू परत आपल्याला. त्याच आठवड्याच्या सामन्यातला नमुना सापडला तर तोच वापरा.

क्लबवरच्या चार मिनिटांत अध्यक्षांचा बाईट घेऊन थांबू नका. मैदानावर रेघा मारणारा माणूस सकाळी आठला काय करतो ते दाखवा: दोरी ताणतो, गोल पोस्टपासून दहा-दहा मीटरचं माप घेतो, रंगाचं यंत्र ढकलतो, पाऊस आला तर दुपारी परत. धुण्याचं यंत्र दाखवा, १७ जर्स्या चिखलासकट आत जातात ते. या गोष्टी उद्या कुठल्याही मोठ्या वाहिनीवर येणार नाहीत.

चिखलाने नंबर झाकले जातात त्यावर उपाय: किक-ऑफच्या अर्धा तास आधी अंतिम टीमशीट घ्या, छापलेल्या कार्यक्रमपत्रिकेवर विसंबू नका. वॉर्म-अपमध्ये दुसऱ्या कॅमेऱ्याने दोन्ही संघांचे १७-१७ खेळाडू समोरून घ्या, प्रत्येकी तीन सेकंद. एक माणूस शेजारी लिहू दे: हेडगार्डचा रंग, बुटांचा रंग, मनगटाची किंवा गुडघ्याची पट्टी, दाढी. दुसऱ्या हाफमध्ये यावरूनच माणूस ओळखू येतो. नावाचा उच्चार त्या खेळाडूलाच विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून निवेदकाला द्या. पॉलिनेशियन, पोलिश, पंजाबी, सगळी नावं. संपूर्ण गाव बघत असताना नाव चुकलं तर क्लब ते वर्षभर लक्षात ठेवतो.

ज्युनिअर संघांसाठी पालकांची लेखी संमती हवीच, क्लबच्या वेल्फेअर ऑफिसरमार्फत. पण संमती असली तरी ऑफकॉमचा नियम १.२८ वेगळा लागू होतो: मुलाच्या शारीरिक आणि भावनिक हिताची काळजी निर्मात्याची. रडणारं मूल, चुकलेला पास, ४०-० असा स्कोअर हे काढून टाका. मोठ्यांच्या सामन्यातही कुणी बेशुद्ध पडला तर ती धडक संथ गतीत परत दाखवू नका आणि घरच्यांना कळल्याची खात्री होईपर्यंत नाव घेऊ नका.

हक्क: स्पर्धा, यजमान क्लब आणि मैदानाचा मालक (कधी नगर परिषद, कधी वर्किंग मेन्स क्लब) या तिघांची लेखी परवानगी. सुपर लीगची एकही क्लिप उचलू नका, वीस सेकंदांचीही. क्लबहाउसमध्ये वाजणारं गाणं मागे येत असेल तर वाहिनीचा संगीत परवाना ते झाकतो का बघा. नसेल तर शूटिंगपुरतं बंद करायला सांगा.

---

चढाई_कोल्हापूर

कबड्डीच्या जिल्हा सामन्यांचं चित्रण करताना हीच अडचण येते, म्हणून एक भर घालतो. दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी 'डू ऑर डाय' चढाई दाखवताना आधीच्या दोन दोन-दोन सेकंद दाखवल्या तरच तिसरीचा ताण कळतो. तुमच्या पाचव्या टॅकलचं तसंच आहे. चौथ्यापासून शॉट उचलताना पहिल्या तिन्हींचे दोन-दोन सेकंदांचे तुकडे मुख्य कॅमेऱ्यातूनच जोडा, क्लोज-अप न वापरता. चेंडू मैदानावर कुठून कुठे सरकला ते दिसतं आणि एका सेटला सहाच सेकंद वाढतात.

---

मुक्ता_हडर्सफील्ड

हे फार उपयोगी आहे. येत्या शनिवारी लॉगशीट आणि रेफरीचा माइक दोन्ही करून बघते. आयोजकांना पत्र आजच पाठवलं. एकच राहिलं: दहा सेटना सहा-सहा सेकंद वाढले तर मिनिटभर जास्त लागेल. ते कुठून काढू?

---

सहावी_टॅकल

आधी मी दिलेली बेरीज बघा. पूर्ण सेट दोन, दीड मिनिट. बाकी दहा, सव्वाचार मिनिटं. आठ रिप्ले पाऊण मिनिट, कन्व्हर्जनं अर्धं. म्हणजे सात मिनिटं झाली. नवातली दोन शिल्लक आहेत. एक मिनिट चढाईभाऊंच्या तुकड्यांना द्या, उरलेल्यात संघांची ओळख आणि शेवटी दोन्ही कर्णधारांचे बाईट, प्रत्येकी पंधरा सेकंद. बाईट घेताना 'कसं वाटतंय' विचारू नका. लॉगमधला तीन ताऱ्यांचा सेट सांगा आणि त्यावर बोलायला लावा.